शिक्षिका झाले की कर्ज माफ होतं का?

पत्र : मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बी.एड.साठी दोन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचा विचार आहे. पाच वर्षं शिकवलं की कर्ज माफ होतं, असं एका व्हिडिओत पाहिलं. बाबांना कागदांवर सही करायला सांगू का?

उत्तर : सहीची घाई करू नकोस. तू पाहिलंस ते खोटं नाही, पण ते अमेरिकेतलं आहे. तिथं गरीब वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवलं, तर सरकारी शैक्षणिक कर्जातले 5,000 डॉलरपर्यंत माफ होतात. माध्यमिकला गणित-विज्ञान किंवा विशेष मुलांना शिकवणाऱ्यांना 17,500 पर्यंत. जिथं शिक्षक मिळत नाहीत तिथं माणसं जावीत, म्हणून ही सोय. आपल्याकडे बँकेच्या शैक्षणिक कर्जाला शिक्षकांसाठी अशी माफी नाही. तुमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या आडवळणाच्या शाळेत पाच वर्षं टिकून गणित शिकवणाऱ्या मुलीला ती मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. पण आज ती नाही, तेव्हा तिच्या भरवशावर कर्ज काढू नकोस.

हिशेब बघ. दर वर्षी एक लाख उचललेस आणि व्याज 10 टक्के धरलं, तर शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. तोवर ते 50,000 होतं. मग अडीच लाख सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला चार हजारांवर हप्ता. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण कॉलेजला नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता लागते. हे प्रवेशाआधीच कॉलेजात आणि बँकेत विचार. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव.

आता नोकरीचं. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीला नेमणूक मिळत नाही, त्याला डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. तुझ्या गणिताला सहावी ते आठवी योग्य. त्यासाठी कर्नाटकच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर, खुल्या गटाला 150 पैकी 90 गुण. कन्नड नीट लिहिता-वाचता येऊ दे. मराठी शाळेत नेमणूक झाली तरी खात्याची सगळी पत्रं कन्नडमध्येच येतात.

महाराष्ट्राची वाटही आहे. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो, त्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत तुझं गाव असेल, तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिकडच्या भरतीत अर्ज करता येतो. मात्र तिथं पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. पूर्ण पगाराऐवजी महिन्याला मानधन मिळतं : प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000. त्यातून खोलीभाडं, जेवण आणि वर हा हप्ता! फार ओढाताण होते गं.

म्हणून कर्जच कमी कर. कर्नाटकात बी.एड.च्या सरकारी कोट्यातल्या जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून भरतात. तो अर्ज आधी भर, कॉलेज स्वतः भरतं त्या, जास्त फीच्या व्यवस्थापन कोट्याकडे नंतर बघ.