जपानी बोलायचंय? आधी मात्रा मोजा

प्रश्न : मी जपानी शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. रोजची वाक्यं रोमन अक्षरांत लिहून पाठ करते, पण तीच कानावर पडली की ओळखू येत नाहीत. लिहिलेलं असतं 'देसु', बोलणारे म्हणतात 'देस्'. उच्चार कसे सुधारू? आणि आधी कोणती वाक्यं शिकू?

उत्तर : ताई, रोमन अक्षरांची ती वही आजच बाजूला ठेवा. ती अक्षरं दिसली की जीभ इंग्रजीच्या वळणाने जाते, एका अक्षरावर जोर देते आणि शेजारची गिळून टाकते. जपानीत तसा आघात नसतो. हिरागाना लिपी येईपर्यंत देवनागरीत लिहा, कारण बहुतेक जपानी ध्वनी मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहेत. 'त्सुनामी'तला 'त्सु' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चूल'मधला 'चू', फक्त ऱ्हस्व. 'चि' मात्र 'चिमणी'तला. 'र' म्हणताना जीभ एकदाच हलकेच टेकवून सोडायची, 'करा' म्हणतो तशी. 'फुजी'तल्या 'फु'साठी ओठ मिटू नका आणि दातही लावू नका. ओठ जवळ आणून नुसती फुंकर घाला.

अनुस्वार शिकवताना तर मला नेहमी हुरूप येतो. 'संप'मध्ये तो 'म्' होतो, 'संत'मध्ये 'न्', 'पंखा'मध्ये 'ङ्', आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. जपानी 'न्'चंही तसंच. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात, तिथे 'म्'च ऐकू येतो. फरक एवढाच, की जपानीत त्या अनुस्वाराला स्वतःची एक पूर्ण मात्रा असते.

आणि खरी मेहनत इथेच आहे, मात्रांवर. आपल्या कवितेच्या वृत्तांत लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा मोजतात ना, जपानी माणूस साधं बोलतानाही तशाच मापाने बोलतो. हायकूतले 5-7-5 हेही याच मात्रांचं मोजमाप. 'तोक्यो' असं दोन ठोक्यांत म्हणू नका. ते तो-ओ-क्यो-ओ आहे, चार मात्रा. 'निप्पोन'ही चारच : नि-प्-पो-न्. कोन्निचिवा : को-न्-नि-चि-वा, पाच.

देवनागरीची अडचण अशी, की आपल्या 'आ', 'ए', 'ओ'ला ऱ्हस्व रूपच नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना अवग्रह, म्हणजे 'ऽ' हे चिन्ह, वापरायला लावते. अवग्रह नसेल तिथे स्वर आखूड ठेवायचा, असेल तिथे एक मात्रा जास्त. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'इए' म्हणजे घर, 'इइए' म्हणजे नाही. 'ब्योऽइन' हे हॉस्पिटल, तर 'बियोऽइन' हे केस कापायचं दुकान. पत्ता विचारताना घोटाळा झाला तर भलत्याच दारात पोचाल. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. हा फरक मात्र 'पता-पत्ता' म्हणणाऱ्याला जड नाही. प्रत्येक शब्द बोटांच्या पेरांवर मोजून म्हणा, अगदी संथ. वेग नंतर येतो.

'देस्'चं कोडं सोपं आहे. क, स, त, ह, प अशा अघोष (गळा न थरथरवता म्हटलेल्या) व्यंजनांच्या मध्ये सापडलेला किंवा वाक्याच्या शेवटी 'स'नंतर आलेला 'इ' किंवा 'उ' पुटपुटल्यासारखा होतो. म्हणून 'सुकि'चं 'स्कि' आणि 'हाजिमेमाशिते'चं 'हाजिमेमाश्ते' ऐकू येतं. स्वर गळला तरी मात्रा जात नाही, तेवढा वेळ द्या.

स्वरांच्या चढउताराची काळजी इतक्यात नको. टोकियोत 'हाशि'तला 'हा' उंच म्हटला तर चॉपस्टिक्स, 'शि' उंच म्हटला तर पूल. ओसाकाकडे नेमकं उलट. संदर्भाने लोक समजून घेतात. मात्रा चुकली तर मात्र खरंच समजत नाही.

आता वाक्यं. सगळ्यात आधी 'सुमिमासेन'. वाट विचारताना, वेटरला हाक मारताना, धक्का लागल्यावर, कुणी आपल्यासाठी तसदी घेतली तर आभार म्हणूनही हेच चालतं. मग 'एकि वा दोको देस् का', स्टेशन कुठे आहे? 'एकि' काढून हवी ती जागा घाला. वस्तूकडे हात दाखवून 'कोरे ओ कुदासाइ', हे द्या. आणि हे तर घोकूनच ठेवा : 'मोऽ इचिदो ओनेगाइशिमास्', कृपया पुन्हा एकदा सांगा. वाक्याची घडण आपल्यासारखीच आहे : क्रियापद शेवटी, विभक्तीचं काम करणारा शब्द नामानंतर, आणि प्रश्नाचा 'का' तर आपलाच वाटावा असा वाक्याच्या टोकाला.

प्रश्न : निरोप घेताना 'सायोनारा' म्हणायचं ना? आणि नावापुढे 'सान' लावायचंच का?

उत्तर : शाळेत मुलं शिक्षकांना 'सायोऽनारा' म्हणतात, पण मोठ्यांच्या रोजच्या बोलण्यात तो शब्द कमी येतो, त्यात बराच काळ भेट नसल्याची छटा आहे. मित्रांना 'जा, माता', म्हणजे 'बरं, पुन्हा भेटू', म्हणा. ऑफिसातून आधी निघालात तर 'ओसाकि नि शित्सुरेऽ शिमास्', माफ करा, मी आधी निघते. मागे राहिलेले 'ओत्सुकारेसामा देश्ता', म्हणजे दमलात, छान काम केलंत, असं म्हणतील. 'सान' दुसऱ्याच्या नावाला जरूर लावा, स्वतःच्या नावाला कधीही नाही. आणि समोरच्याला 'आनाता' म्हणण्याऐवजी त्याचं आडनाव घेऊन 'सान' म्हणा, 'तुम्ही'चं काम त्यातच होतं.