आरोग्य विचारा : घशातून पडणारे पिवळे कण

प्रश्न : मी पंचवटीत ब्लाउज शिवते. वय ३४. सात-आठ महिने झाले, खोकताना कधीकधी घशातून ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळट कण पडतात. चिरडले तर अशी घाण येते की विचारू नका. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ जावं लागतं, म्हणून मी श्वास रोखून माप घेते. दात साफ करून घेतले, फरक नाही. एकदा आरशात बघून क्रोशाच्या सुईने एक कण काढला, तर रक्त आलं. उजवा कानही अधूनमधून ठणकतो. शेजारीण म्हणते कॅन्सर असेल, सासूबाई म्हणतात दही बंद कर. ऑपरेशन करावं लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, श्वास रोखून माप घेता हे वाचलं आणि मला माझं कॉलेज आठवलं. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याही घशातून हेच पडायचं. मी मैत्रिणींशी तोंडापुढे वही धरून बोलायचे. एवढे प्राध्यापक आजूबाजूला, पण विचारायची लाज. पुढे घशाचीच डॉक्टर झाले, तो भाग वेगळा.

हे टॉन्सिलमधले खडे, टॉन्सिल स्टोन. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात आणि त्यांच्यात खोल भेगा असतात. गोदाघाट तुमच्या पायाखालचा. पायऱ्यांच्या सांदीत निर्माल्य अडकतं, वाहतं पाणी तिथे पोचत नाही आणि ते कुजतं, तसंच इथे. अन्नाचे बारीक कण, मेलेल्या पेशी, नाकामागून उतरणारा कफ असं सगळं भेगेत साचतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यावर पोसतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. साचलेल्यावर कॅल्शियमचे क्षार बसले की खडा कडक होतो. ब्रश तिथवर जातच नाही, मग दात साफ करून फरक कसा पडेल? तुमच्या स्वच्छतेत खोट नाही आणि हे कुणाला लागतही नाही.

नुसते असे कण पडणं ही कॅन्सरची खूण नाही, एवढं शेजारणीला सांगा. कानाचं म्हणाल, तर घशाकडे आणि कानाकडे जाणारी एक नस सामाईक आहे, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. तरी ठणका एकाच बाजूला आहे, तेव्हा कान आणि घसा एकदा तपासून घ्याच. एकच टॉन्सिल मोठा दिसत असेल, मानेत गाठ लागत असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा न टोचता रक्त येत असेल, तर मात्र दिवस घालवू नका.

क्रोशाची सुई शिवणाच्या डब्यातच राहू द्या. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो. जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही, शिवाय जंतू आत जातात. (जाता जाता : टाचण्या ओठांत धरून शिवत असाल तर तेही सोडा. ठसका लागून टाचणी श्वासनळीत गेली तर दवाखाना गाठावा लागतो.)

रोज दोन्ही जेवणांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. नुसतं तोंड खळखळवू नका. मान मागे टाकून घशात ‘गर्रर्र’ आवाज आला पाहिजे. मी वर्षभर एवढंच केलं आणि माझे खडे जवळजवळ थांबले. जीभ घासा, मशीनवर बसताना पाण्याची बाटली जवळ ठेवा, कारण कोरड्या तोंडात जिवाणूंचं फावतं. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत असाल तर आधी नाकाचा इलाज करा. दही सोडल्याने खडे थांबले, असं मी तरी पाहिलेलं नाही. सासूबाईंच्या हातचं ताक खुशाल प्या.

समोर दिसणारा खडा डॉक्टर दवाखान्यातच काढून देतात. अँटिबायोटिकने वास थोडे दिवस कमी होतो, भेगा तशाच राहतात, म्हणून मी ती यासाठी देत नाही. लेझरने भेगांची तोंडं उथळ करता येतात. टॉन्सिल काढणं हा कायमचा उपाय, पण मोठ्या माणसाचा घसा त्यानंतर दहा-पंधरा दिवस चांगलाच दुखतो आणि रक्तस्रावाचा धोकाही असतो. वारंवार ताप येऊन टॉन्सिल सुजत नसतील, तर तुमच्या वर्णनावरून मी आज ऑपरेशन सुचवणार नाही.

तपासायला जाल त्या सकाळी गुळण्या करू नका, म्हणजे भेगेत काय आहे ते डॉक्टरांना दिसेल.