साजाची पाठ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सात चित्रांचे फोटो आले. दोन दिवस तेच बघतोय. परदेशी बॅग, मनगटी घड्याळ, अत्तराची बाटली, रिबीन बांधलेला खोका. हात छान तयार झालाय तुझा. बाटलीच्या काठावर जो हिरवट उजेड धरलायस, तो धरायला मला पन्नाशी उजाडली होती. प्रदर्शनाला नाव काय द्यावं, असं विचारलंयस. नावाचं नंतर बघू. ही चित्रं बघताना मला ती बॅग हवीशी वाटली, चित्र हवंसं वाटलं नाही. शोरूमची काच दिवसभर हेच काम करते. चित्रकारानं आणखी काहीतरी करायला हवं, म्हणून हे पत्र.

तू कोल्हापूरच्या गुजरीत, आपल्या सराफ पेठेत, लहानपणापासून जातेस. कोल्हापुरी साज, तो बायकांच्या गळ्यातला दागिना, घडवताना कधी जवळ बसून बघितलायस का? सोन्याचा पत्रा इतका पातळ असतो की फुंकरीनं हलावा. तो ठशावर ठोकून चंद्र, कमळ, मासा, कासव उठवतात आणि आतल्या पोकळीत लाख भरतात. लाखेमुळे पानाला अंग येतं, ते दबत नाही. परंपरेनं अशी एकवीस पानं: दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरलं. मध्ये जवमणी. गळ्यात घातला की छातीभर सोनं दिसतं, पण मोडायला नेला की सराफ लाखेचं वजन वजा करून हिशेब सांगतो. थोड्या सोन्यात घराची शोभा उभी करायची ही आपल्याकडच्या कारागिरांची अक्कल आहे. मला यात फसवणूक कधीच वाटली नाही. श्रीमंती कुठं असते, हे त्या माणसांना आपल्यापेक्षा नीट कळलं होतं.

आणि बघ, सोनं रंगवताना आपणही तेच करतो. ट्यूबमधला सोनेरी रंग लावला की चित्र मेलंच. पिवळी माती, रॉ अंबरचा मातकट तपकिरी, शेजारच्या लुगड्याचा हिरवा सावलीत थोडासा, आणि एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा फिक्कट ठिपका. जवळून चिखल, चार पावलं मागं सरलं की सोनं.

मांडलेल्या वस्तूंची चित्रं काढणारा हॉलंडचा विलेम काल्फ (१६१९-१६९३) तुला माहीत आहे. चिनी मातीचा वाडगा, अर्धं सोललेलं लिंबू, शंखाचा पेला, दुमडलेला गालिचा. या वस्तू जहाजांतून तिथं पोचत होत्या. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये निघाली आणि आशियातला माल ॲमस्टरडॅमच्या घराघरांत शिरला. तिथल्या चित्रकारांनी अशा वस्तूंशेजारी कवटी, विझलेली मेणबत्ती, उघडं घड्याळ ठेवायची रीत पाडली. हे सगळं जाणार, याची ती आठवण. पण ती चित्रं विकत कोण घेत होतं? ज्यांच्या घरात तशा वस्तू होत्या, किंवा हव्या होत्या, तेच लोक. एकाच चौकटीत बढाई आणि ताकीद. काल्फ स्वतः चित्रांचा व्यापारही करायचा. वस्तूची ओढ त्याला आतून ठाऊक होती. म्हणून त्याच्या लिंबाची साल मला अजून अस्वस्थ करते. ते लिंबू सोललंय आणि कुणी खाल्लेलं नाही.

पुढं डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंतानं २००७ मध्ये मानवी कवटीचा प्लॅटिनमचा साचा काढून त्यावर ८६०१ हिरे बसवले. ताकीदच बाजारातली महागडी वस्तू झाली. मला ते काम थंड वाटतं. सिल्वी फ्लरी या स्विस कलावतीचं मात्र तू नक्की बघ: तिनं खरेदीच्या पिशव्या, आतला माल न उघडता, तशाच गॅलरीच्या फरशीवर मांडल्या. तुझ्या खोक्याच्या चित्राला तिच्याकडून काही मिळेल.

पण तू तिकडं कशाला जातेस, हा माझा मुद्दा आहे. तुझ्या गावाची चप्पल जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर गेली. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तिला नुसतं चामड्याचं सँडल म्हटलं होतं. इथं ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड काढायचं ठरलं, किंमत सुमारे ८०० युरो. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांचं मिळून.

चप्पल हातात घेऊन बघ. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचा तो उग्र वास. तळ खिळ्यानं ठोकलेला नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलाय. कान, पट्टा, अंगठा, वर बारीक वेणी. ज्या हातांनी ही वेणी घातली, त्या हातांना याच गावात उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. चप्पल वाड्यात जायची, माणूस बाहेर उभा. आता तीच वादी, तोच टाका, आणि किंमत कितीतरी पट. मधल्या मध्ये बदललं काय? कुणाच्या हातात धरून ती दाखवली, एवढंच. फ्रेम घातली की चित्राचंही हेच होतं, म्हणून आपण त्याकडं दुरून बघून चालणार नाही. यावर राग कुणालाही येईल. तुला रंग येतात. तो टाका रंगव.

आमच्या आजीच्या देवघरात रविवर्म्याची छापील लक्ष्मी होती. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाल्यापासून दागिन्यांनी मढलेल्या त्या देव्या गरिबांच्या भिंतीवरही आल्या. आजीनं लक्ष्मीच्या साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. स्वतःच्या अंगावर जरीची साडी कधी चढली नाही. कागदावरच्या बाईला मात्र तिनं हातानं नेसवली. ऐषआरामी वस्तू आणि कला यांच्याबद्दल मी जे काही वाचलं, ते त्या चित्रापुढं तोकडं वाटतं.

आता एक माझी चूक सांगतो. पंचविशीत एका दुकानदारानं वारलेल्या आईचं पोर्ट्रेट करायला दिलं. फोटोत गळ्यात काळी पोत होती. तो म्हणाला, साज दाखवा. मला राग आला, याला नुसता बडेजाव हवाय असं वाटलं, आणि सराफाच्या कॅलेंडरवरचा साज मी तिच्या गळ्यावर झगझगीत थापला. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, तिनं साज मोडून त्याला दुकान घालून दिलं होतं. चित्रात तो आईला तिचा साज परत घालत होता. मी विचारलं असतं तर तिच्या गळ्याची हाडं आणि पोतीची जागा तशीच ठेवून तो साज रंगवला असता. ते चित्र अजून त्या घरात आहे. त्या रस्त्यानं जाताना मी वर बघत नाही.

तुझ्या चित्रातली बॅग कुणाची आहे? नेटवरून घेतलेली असेल तर ते चित्र बाजूला ठेव. घड्याळ कुणाच्या मनगटावरचं असेल तर त्या माणसाशी बोल: ते कधी घेतलं, काय थांबवून घेतलं, पट्टा घामानं कुठं काळा पडलाय.

नवरात्रात येशील ना? सकाळी गर्दीच्या आधी गुजरीत जाऊ. माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, लाख भरण्याआधीची पानं ते उलटी करून दाखवतील. कॅनव्हास लहानच आण, वीतभर. आणि पिवळ्या मातीची ट्यूब आण, इथली संपलीय.

तुझे,
सर