तालमीच्या माडीवर चित्रकला : परवानगी मागण्यापूर्वी काय पाहावे

आपल्या पेठेतील तालमीची माडी मुलांच्या चित्रकलेसाठी आणि हौशी नाटकाच्या सरावासाठी संध्याकाळी वापरता यावी, वस्तादांची त्याला हरकत नाही, खोलीला कुलूपच असते, आणि तरीही परवानगी कोणाकडून घ्यायची हे सांगायला एकही कार्यालय तयार नाही, असे आपण लिहिले आहे. आमच्या पेठेत काही वर्षांपूर्वी नेमके हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मुले कशी जमवावीत, शिक्षक कोठून आणावा, यावर वेळ घालवत नाही. दळवीज किंवा कलानिकेतन या कलाशाळांत शिकलेला एखादा तरी चित्रकार कोल्हापूरच्या बहुतेक पेठांत सापडतो आणि त्याला दोन तास जागा मिळाली तर तो आनंदाने येतो. अडते ते जागेच्या कागदांपाशी.

आमच्या अर्जाचा विषय होता ‘बाल कलाकेंद्र सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत’. ज्या कार्यालयात तो दिला त्याचे नाव घेत नाही, कारण तेथील माणसे बदलली आहेत आणि कदाचित कारभारही सुधारला असेल. पहिल्या टेबलावर विचारणा झाली की ही शाळा आहे का, असेल तर शिक्षण खात्याचे ना-हरकत पत्र आणा. दुसऱ्या टेबलाला हा करमणुकीचा कार्यक्रम वाटला, म्हणून पोलिसांचे पत्र आणण्यास सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात योग्यच उत्तर मिळाले की मुले कागदावर चित्रे काढणार असतील तर आमचा संबंध येत नाही. पण तेवढे लिहून देण्यासही ते तयार नव्हते, आणि लेखी असल्याशिवाय दुसरे टेबल फाइल पुढे सरकवत नव्हते. मधल्या काळात साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी फाइल ‘फेरसादर’ करा म्हटले, आणि आम्ही पुन्हा पहिल्या टेबलासमोर उभे राहिलो. या सर्व प्रवासात एकाही माणसाने ‘नाही’ असे म्हटले नाही. नकार मिळाला असता तर निदान त्याविरुद्ध अपील करता आले असते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ज्या पालकांनी नावे दिली होती त्यांनी मुलांना दुसरीकडे शिकवण्या लावल्या. पैसा फारसा गेला नाही, पण लोकांचा उत्साह गेला, आणि तो पुन्हा जमवणे हे जागा मिळवण्यापेक्षा अवघड ठरले.

यातून वाट दाखवली ती त्याच कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. त्यांचे म्हणणे असे की ‘कलाकेंद्र’ या नावाचा रकाना कोणत्याच कार्यालयात नाही आणि रकाना नसलेल्या गोष्टीवर सही करायला कोणी धजावत नाही. म्हणून विषय बदलला : ‘तालमीच्या माडीचा सायंकाळी 5 ते 7 या वेळेत मुलांच्या चित्रकला सरावासाठी विनामूल्य वापर करीत असल्याबाबत’. खाली एकच वाक्य, हरकत असल्यास लेखी कळवावे. पत्र आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतली. त्याच्याबरोबर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्जही दिला. येथे एक बारकावा आहे : माहिती अधिकारात ‘परवानगी का देत नाही’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण कायदा कागद देण्यास बांधतो, खुलासा देण्यास नाही. आम्ही मागितली ती अशा वापरासाठी ना-हरकत पत्र आवश्यक ठरवणाऱ्या नियमाची किंवा परिपत्रकाची साक्षांकित प्रत. कायद्यातील 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले की अशी प्रत अभिलेखात उपलब्ध नाही. ते उत्तर आम्ही आजही फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवले आहे.

मात्र हा मार्ग सरसकट वापरू नये. प्रथम सिटी सर्व्हेमधून प्रॉपर्टी कार्ड काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. आमची जागा तालमीच्याच नावावर होती. जागा महापालिकेची असून तालमीकडे केवळ वापरासाठी असेल, तर मालकाची लेखी संमती खरोखरच लागते आणि ‘हरकत असल्यास कळवा’ हे पत्र अंगाशी येऊ शकते. मी वकील नाही. हा फरक मात्र एखाद्या वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट तालमीच्या घटनेची, म्हणजे संस्थेच्या लेखी नियमावलीची. जुन्या तालमींच्या घटनेत उद्देश म्हणून बहुधा व्यायाम, कुस्ती आणि शरीरसंवर्धन एवढेच लिहिलेले असते. मुले चित्रे काढू लागली म्हणून त्यावर कोणी आक्षेप घेत नाही, पण चित्रकलेसाठी देणगी घेतली किंवा तालमीच्या खात्यातून रंग आणले की हिशेब तपासणीस विचारतो, हा खर्च कोणत्या उद्देशाखाली? संस्था 1860 च्या नोंदणी कायद्याखालील असेल तर उद्देशात भर घालण्यासाठी सभासदांना दहा दिवस आधी प्रस्ताव पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो कायम करावा लागतो. याबरोबरच विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत दाखल झाले आहेत का, हेही पाहावे. कित्येक तालमींच्या कागदोपत्री विश्वस्तांपैकी निम्मे दिवंगत झालेले असतात, आणि मग आजच्या अध्यक्षांच्या सहीला कागदावर अर्थ उरत नाही.

आता माझे मत, जे आपल्याला पटेलच असे नाही. स्वतंत्र कलादालन मागण्याच्या मागे लागू नये. शाहू महाराजांनी खासबाग हे कुस्तीचे मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, एकमेकांना लागून बांधले. कुस्ती एका गावची आणि नाटक दुसऱ्या गावचे असे त्यांनी मानले नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळाले तेव्हा सारे शहर हळहळले, आणि ते योग्यच होते. पण एका मोठ्या वास्तूवर शहराची सारी हौस टांगून ठेवली की काय होते, हेही त्या रात्री दिसले. पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर पुढे चित्रपटापर्यंत पोहोचले, आणि त्यांच्या हातावर रंग चढला तो कलाशाळेच्या वर्गात नव्हे. पेठेत माडी असेल तर ती पुरेशी आहे.

शिवाय तालमीत कला नाही असे म्हणणारा माणूस गणेशोत्सवात कोल्हापुरात आलेला नसतो. सजीव देखाव्यासाठी पेठेतली पोरे संवाद पाठ करतात, कोणी दाढी चिकटवतो, कोणी पुठ्ठ्याची तटबंदी रंगवतो, आणि हे सारे रात्री उशिरापर्यंत त्याच माडीवर चालते. म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांना आपण चित्रकलेसाठी ‘जागा द्या’ असे न म्हणता देखाव्याचे काम वर्षभर चालवू असे म्हटले तर विरोध निम्मा होतो. पण उत्सवाच्या आधीचा महिना-दीड महिना माडीवर सामानच असेल, हे गृहीत धरून तसे आधीच लिहून घ्यावे. नाहीतर भाद्रपदात वर्ग आणि मंडळ यांच्यात भांडण ठरलेले. जाता जाता, थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे मुलांना पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याची सवय लावलेली बरी.

आपल्या लिहिण्यात एका गोष्टीचा उल्लेख नाही, ती म्हणजे जिना. आमच्याकडे माडीचा जिना हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, बाजूने होता. खाली पैलवान लंगोटावर मेहनत करीत असताना आठवी-नववीतल्या मुली वरून-खालून ये-जा करतील, हे त्यांच्या आयांना मान्य नव्हते आणि ते स्पष्ट बोलायचा संकोच होता. त्या फक्त ‘अभ्यास आहे’ म्हणत. मुली येईनाशा झाल्या तेव्हा एका आजींनी कारण सांगितले. मागच्या बोळातून लोखंडी जिना बसवला आणि वस्तादांशी बोलून मेहनतीची वेळ पुढे ढकलली, तेव्हा वर्ग भरला. वस्तादांना हे समजावणे अवघड गेले नाही; हौदातल्या मातीला कोणी हात लावणार नाही एवढीच त्यांची अट होती.

शाडूचे काम करणार असाल तर हात मोरीत धुवू देऊ नका. शाडू पाण्याबरोबर वाहून जाते आणि पाइपच्या वळणावर बसून घट्ट होते. पहिल्याच वर्षी आमची मोरी तुंबून पाणी खाली हौदात उतरले. नळाखाली अर्धे पिंप ठेवावे, गाळ तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी ओतून द्यावे आणि उरलेली माती कापडावर वाळवून पुन्हा मळावी. कागद आणि बोर्ड माडीवरच ठेवावेत, तळमजल्यावर कधीही नाही. दुधाळी किंवा शुक्रवार पेठेच्या सखल भागात 2019 आणि 2021 च्या पुराने काय केले ते आपल्याला सांगायला नको. तरीही आषाढ-श्रावणात ओल चढतेच, म्हणून जलरंगांची चित्रे पत्र्याच्या पेटीत ठेवावीत आणि पूर्ण वाळल्याखेरीज झाकण लावू नये.

नाटकाच्या सरावासाठी स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाची मर्यादा पाळावीच. शेजाऱ्याची एक तक्रार गेली की इतकी वर्षे कुलूपबंद खोलीकडे न पाहणारे कार्यालय लगेच जागे होते.

फी घेण्याविषयी आपण विचारले आहे. पहिले वर्ष घेऊ नये, कारण पत्रात ‘विनामूल्य’ लिहिलेले आहे आणि तोच आपला आधार आहे. रंग-कागदाचा खर्च पालकांनी परस्पर दुकानात द्यावा. पुढे घ्यायचीच झाली तर तालमीच्या पावतीवर आणि उद्देशात बदल कायम झाल्यानंतरच घ्यावी. आपल्या माडीला उत्तरेकडे खिडकी आहे का, हे कळवावे. असेल तर दिव्यांवर जो खर्च आपण धरला आहे त्यातला बराचसा वाचेल.