पोलवरचा 110 कशाचा?

प्रश्न : अक्का, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी, करते. गेल्या वर्षी 2.80 मीटर गेले, यंदा तिथंच अडकले. नीट वर जायच्या आतच बारवर, म्हणजे वरच्या आडव्या दांडीवर, आदळते आणि गादीच्या पार मागच्या कडेला पडते. कॉलेजकडं एकच पोल आहे, त्यावर 12 फूट आणि 110 असं लिहिलंय. माझं वजन 57 किलो. सर म्हणतात, अजून जोरात पळ. बाबा म्हणतात, बांबूउडीवर पोट भरत नाही, पोलीस भरतीला लाग. मामा कोल्हापूरला ये म्हणतोय. काय करू?

उत्तर : विचारलंस बरंच काही, पण तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच आकडा बसलाय. 110. ते पौंड आहेत गे. किलोत धरलं तर 50. तो पोल 50 किलोच्या मुलीसाठी बनवलाय आणि तू त्यावर 57 किलो टाकतेस, वर सर आणखी जोरात पळायला सांगतात. उद्यापासून त्या पोलवर पूर्ण धावेची उडी मारू नकोस. अमेरिकेतल्या शाळांच्या स्पर्धांत आपल्या वजनापेक्षा कमी आकड्याचा पोल वापरूच देत नाहीत. आपल्याकडं तो आकडा कुणी वाचतसुद्धा नाही. मीही तीन वर्षं वाचला नव्हता. मला वाटायचं, कंपनीचा नंबर असेल.

पोल मऊ असला की जास्त वाकतो आणि लगेच उभा राहतो. तुझे पाय वर जाऊन अंग उलटं व्हायच्या आतच तो तुला पुढं फेकतो. म्हणून बारवर आदळतेस, म्हणून गादीच्या मागच्या कडेला पडतेस. पोल कडक असता तर उलट झालं असतं : तो उभाच राहिला नसता, तुला धावपट्टीकडं परत टाकलं असतं. तेव्हा वर्षभर तू अडकलीस असं मानू नकोस. तुझी धाव वाढली, अंगात ताकद आली, पोल मात्र तेवढाच राहिला. 130 चा पोल शोध. विकत घे म्हणत नाही, तो बाहेरदेशातून येतो, आपल्या घरांना परवडत नाही. दुसऱ्या कॉलेजकडून, जिल्हा क्रीडांगणावर येणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलीकडून मागून आण. मिळेपर्यंत छोट्या धावेनं, पोल न वाकवता सराव कर. पोलवर कुठं चीर, खोल ओरखडा दिसला तर तो बाजूलाच ठेव. फायबर मोडताना आधी सांगत नाही.

मागून आणणं सोपं नाही, ठाऊक आहे. येळ्ळूरहून बेळगावला आम्ही पोल सायकलवरून न्यायचो. पुढच्या सायकलवर मी, मागच्या सायकलवर भाऊ, मध्ये दोघांच्या खांद्यावर पोल. वळण आलं की दोघांनी एकदम वळायचं, नाहीतर रस्त्यावर लोळण. बसचा कंडक्टर तर लांबूनच हात हलवायचा. एकदा गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोवर कोबीच्या पोत्यांशेजारी बांधून परत आणला. गादी नव्हती तेव्हा पोत्यांत पिंजर भरून त्यावर पडायचो. ते मात्र तू करू नकोस. माझं डावं मनगट त्यातच गेलं, अजून पावसाळ्यात कळ मारतं.

2020 च्या जानेवारीत मूडबिद्रीला आंतरविद्यापीठ स्पर्धा झाली. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा शर्ट घालून मी गेले. सुरुवातीची उंची म्हणजेच माझी सरावातली सगळ्यात मोठी उंची! तीन उड्या, तिन्ही फाऊल, नावापुढं काहीच नाही. आमचे सर धारवाडकडचे, बाहेरून ओरडत होते, "कै बिडबेड!" हात सोडू नको म्हणून. मी सोडला. परतीच्या रेल्वेत कुणाशी बोलले नाही. पण त्या प्रमाणपत्रावर उंची छापलेली नव्हती, फक्त सहभाग. बी.पी.एड.च्या, म्हणजे क्रीडाशिक्षकाच्या पदवीच्या, प्रवेशाला तोच कागद कामाला आला. आज हायस्कूलला क्रीडाशिक्षिका आहे ती त्याच्यामुळं.

आता बाबा. ते चुकीचं बोलत नाहीत, आणि हे तुला आवडणार नाही. रोझी मीना पॉलराजनं 2022 च्या राष्ट्रीय खेळांत 4.20 मीटरची उडी मारून आठ वर्षांपूर्वीचा व्ही. एस. सुरेखाचा 4.15 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तू 2.80 वर आहेस. हे अंतर दोन हंगामांत भरत नाही. पण आपल्या भागात शंभर मीटर पळणाऱ्या मुली ढिगानं, पोल धरणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या. विद्यापीठाच्या संघात शिरायला ही वाट मोकळी आहे. आंतरविद्यापीठाला वयाची अट 25 ची. पदवी, मग बी.पी.एड.ची दोन वर्षं, असं धरलं तर तुझ्या हातात तीन-चार हंगाम आहेत. बाबांना सांग, भरतीत 400 मीटर धावणं, लांब उडी, गोळाफेक असतं, आणि धावणं-उडी तर माझी रोजच होते. फक्त लेखीचा अभ्यास खरंच कर. कन्नडचाही. मराठी शाळेतल्या आपल्या पोरी तिथंच मागं पडतात.

मामांकडं जायचं तर आधी एकदा नुसती बघून ये. तिथं तुझ्या वजनाचा पोल आणि चांगली गादी आहे का, उडी मारताना बाजूला उभा राहून बघणारा कुणी आहे का? नसेल तर मामांच्या घरचा तांबडा रस्सा खाऊन परत ये. आंतरविद्यापीठात राज्य नसतं, विद्यापीठ असतं, पण राज्याच्या स्पर्धांसाठी नोंदणी बदलावी लागेल. आणि महाराष्ट्रातला नोकरीचा खेळाडू कोटा तिथल्या अधिवासाला बांधलेला आहे, नुसत्या मराठी आडनावाला नाही.

नवा पोल हाती आला की महिनाभरानं पत्र टाक. उंची नको कळवू. गादीच्या मागच्या कडेपासून किती हात अलीकडं पडतेस, तेवढं लिही.