कॉलेजातल्या मुलांनी लॅपटॉपवरून जगाचे प्रश्न सोडवायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गरिबी, आरोग्य, पूर अशा जगभरच्या प्रश्नांवर आमच्या वयाची मुलं तंत्रज्ञान वापरून खरंच काही करू शकतात का, की ते हॅकेथॉनपुरतंच (एक-दोन दिवसांत ॲप बनवण्याच्या स्पर्धेपुरतंच) असतं? आणि सुरुवात कुठल्या ॲपपासून करावी?"

करू शकतात, आणि अनेक ठिकाणी केलंही आहे. पण ॲपपासून सुरुवात करू नका, नकाशापासून करा. मी मुंबईत वस्त्यांच्या नकाशांवर काम करते, त्यामुळे माझा कल तिकडे असणारच. तरी कारणं सांगते.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा धड नकाशाच मदत पथकांकडे नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणीही भर घालू शकेल असा जगाचा मोफत नकाशा ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेला होता. भूकंपानंतर देशोदेशीचे शेकडो स्वयंसेवक आपापल्या घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून त्यात हैतीतले रस्ते, इमारती, कोसळलेले भाग रेखत गेले. काही आठवड्यांत त्या शहराचा तोवरचा सगळ्यात तपशीलवार नकाशा तयार झाला आणि पथकं तोच आपल्या जीपीएसवर घेऊन फिरली. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था याच कामातून उभी राहिली. पुढे २०१४ मध्ये तिने रेडक्रॉस आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांच्याबरोबर नकाशावर नसलेल्या भागांचे नकाशे आधीच करून ठेवण्यासाठी 'मिसिंग मॅप्स' सुरू केलं, कारण संकट येईपर्यंत थांबायचं आणि मग धावपळ करायची यात माणसं दगावतात. आधीच तयारी असण्याचा फायदा नेपाळात स्पष्ट दिसला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाआधीच 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' या तिथल्या संस्थेच्या तरुणांनी, त्यात कॉलेजचे विद्यार्थी बरेच होते, काठमांडू खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालयं नकाशावर आणून ठेवली होती. त्यामुळे भूकंपानंतर त्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली नाही.

मात्र उपग्रहाला पत्रा दिसतो, पत्र्याखालचं दिसत नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली सुमारे ४० टक्के वस्ती झोपडपट्टीत आहे. वरून पाहिलं तर गोवंडी-मानखुर्दच्या कितीतरी भागांत पत्रे आणि निळ्या ताडपत्र्यांचा एकच सलग पट्टा दिसतो, मधल्या गल्ल्या छपरांखाली दडून जातात. तिथे चालावं लागतं, विचारावं लागतं.

केनियात, नैरोबीतल्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये नेमकं हेच झालं. लाखो लोकांची ती वस्ती, पण ओपनस्ट्रीटमॅपवर कोरी होती. तिथल्याच काही तरुण-तरुणींनी जीपीएस घेऊन पायवाटा, पाण्याच्या जागा, शौचालयं, दवाखाने, शाळा नोंदवल्या. टांझानियात दार-एस-सलाममध्ये २०१५ पासून विद्यापीठातले विद्यार्थी आणि वस्तीतले रहिवासी यांनी मिळून पूर येणाऱ्या भागांतले नाले आणि गटारं नकाशावर घेतली. समुद्रकाठचं शहर, दाटीची वस्ती, तुंबलेले नाले... मी ते काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली मिठी नदीच आठवली.

पुराचाच विषय निघाला आहे तर जकार्ताचंही सांगते. तिथे २०१४ च्या अखेरीस एक प्रकल्प सुरू झाला. शहरात कोणी ट्विटरवर पुराबद्दल काही लिहिलं की एक स्वयंचलित खातं त्या माणसाला विचारायचं, तुम्ही तिथेच आहात का, जागा कळवाल का? उत्तर आलं की ते सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर जायचं, आणि शहराची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा तो नकाशा वापरायची. मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा दुवा. नवीन ॲप डाउनलोड करा असं लोकांना कोणी सांगितलं नाही, लोक जिथे आधीच बोलत होते तिथेच विचारलं. आणि पलीकडे माहितीची वाट पाहणारं कोणीतरी बसलेलं होतं. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठल्या गल्लीत किती पाणी आहे हे फक्त त्या गल्लीला माहीत होतं. आता आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 'मुंबई फ्लड' हे ॲप केलं आहे. त्यात आपल्या भागात पाणी किती चढलं आहे ते नागरिक कळवू शकतात. स्वतःचं पूर-ॲप बनवायला बसण्यापेक्षा आधी हे वापरा, तुमच्या मित्रांना वापरायला लावा.

हॅकेथॉनमधले बहुतेक प्रकल्प का मरतात याचं उत्तरही इथेच आहे. दोन रात्री जागून केलेल्या ॲपमध्ये तक्रार टाकता येते, पण ती वाचणार कोण हे ठरलेलं नसतं. बक्षीस मिळतं, सेमिस्टर संपतं, सर्व्हरचे पैसे कोणी भरत नाही. त्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ती वाया जाताना पाहवत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये २०३० पर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं स्वीकारली, त्यात सहावं पाणी आणि स्वच्छतेचं आहे. ते गल्लीत उतरवायचं म्हणजे काय ते सांगते. एक सार्वजनिक शौचालय घ्या. नकाशावर तो एक ठिपका असतो. पण तिथे बायकांसाठी सीट किती, त्यातल्या चालू किती, कडी लागते का, दिवा आहे का, रात्री किती वाजता कुलूप लागतं, एका वेळेचे पैसे किती, पाणी आत आहे की घरून बादली न्यावी लागते? ही माहिती कुठल्याही उपग्रहातून मिळत नाही. ती रोज तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीकडे असते. तिला फॉर्म भरायला सांगू नका, फॉर्ममध्ये काय विचारायचं ते तिला ठरवू द्या. आमच्या फॉर्ममधले निम्म्याहून अधिक चांगले प्रश्न वस्तीतल्या मुलींनी घातलेले आहेत. कडीचा प्रश्न त्यांचाच.

या शहराला ही रीत नवीन नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पदपथावरच्या झोपड्या हटवल्या जाणार अशी भीती होती, तेव्हा 'स्पार्क' या मुंबईतल्या संस्थेने पदपथवासीयांची गणना केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं नोंदवली गेली. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायका पुढे 'महिला मिलन' म्हणून संघटित झाल्या. कागद-पेन्सिलीवर हे झालं. आज तुमच्या खिशात त्याहून कितीतरी ताकदीचं साधन आहे, पण आपली मोजणी आपण करायची ही कल्पना त्यांच्याकडूनच घ्या.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. सगळी माहिती खुली करायची नसते. मुंबईत १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांवरून झोपडीला घर फुकट मिळणार, पैसे भरून मिळणार की मिळणारच नाही हे ठरतं. कोण मालक, कोण भाडेकरू, कोणाकडे फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) आहे, पोटमाळा कधी चढवला, घरात टीबीचा पेशंट आहे का, यातलं काहीही सार्वजनिक नकाशावर जाता कामा नये. नळ, शौचालय, गल्ली, नाला, दवाखाना, अंगणवाडी एवढं खुलं ठेवा. घरातलं घरात राहू द्या. फॉर्ममध्ये जो प्रश्न घातलाच नाही त्याचं उत्तर कधी फुटत नाही.

साधनं सगळी फुकट आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, ब्राउझरमधल्याच एडिटरवर हात बसू द्या. ह्युमॅनिटेरियन टीमच्या टास्किंग मॅनेजर या संकेतस्थळावर जगभरची कामं लहान-लहान चौकोनांत वाटून दिलेली असतात, नवशिक्यांसाठी वेगळी खूण असते. तुम्ही रेखलेलं कोणीतरी अनुभवी तपासतं आणि चुका कळवतं, त्या नीट वाचा. फॉर्मसाठी कोबोटूलबॉक्स वापरा, ते नेटवर्क नसतानाही चालतं आणि प्रश्न मराठी-हिंदीत घालता येतात. कॉलेजात चार-पाच जण जमले तर 'यूथमॅपर्स' या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात शाखा काढता येते.

मग एकच वस्ती निवडा, शक्यतो जिथे तुमच्यापैकी कोणी राहतं अशी. पहिला नकाशा झाला की मोठ्या कागदावर छापून तिथल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आरोग्य सेविकांना द्या. लसीकरणासाठी त्या प्रत्येक गल्लीत फिरतात. महिनाभराने परत जा. त्यांनी पेनने खाडाखोड केलेली असेल, गल्लीची खरी नावं लिहिलेली असतील. ती सगळी नकाशावर चढवा आणि नवी प्रत नेऊन द्या. कुठल्या वॉर्डात राहता ते खाली लिहिलंत तर तिथे आधी काय काय नोंदलेलं आहे ते बघून सांगते.