कँडी केन: उसाची नव्हे, काठीची

प्रश्न असा आहे: नाताळच्या पाककृती मराठीत आणताना 'कँडी केन'ला, म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, वाकड्या टोकाच्या त्या कडक मिठाईला, 'उसाची कँडी' म्हणावं की 'साखरकांडी'? आणि तिच्या कृतीतली क्रियापदं कोणती घ्यावीत?

'उसाची कँडी' आधी खोडा. इंग्रजीत 'केन' म्हणजे वेत, ऊस आणि हातात धरायची काठीसुद्धा. इथे काठी अभिप्रेत आहे, वाकड्या मुठीची. 'साखरकांडी' कानाला गोड, पण फसवी. 'कँडी'चं मूळ संस्कृत 'खण्ड'. तो शब्द फारसी, अरबी, फ्रेंच अशा वाटेनं इंग्रजीत पोचला. आपली 'कांडी' मात्र 'काण्ड'ची, म्हणजे पेराची. नाद जुळतो, कूळ नाही. शिवाय कांडी सरळ असते, त्यामुळे मूठ शब्दात येतच नाही. 'आकडी'त आकार चोख उतरतो खरा, पण 'पेपरमिंटची आकडी' वाचून आधी फेफरं आठवतं.

माझं मत: पहिल्या उल्लेखात 'कँडी केन, म्हणजे वाकड्या मुठीची पेपरमिंटची छडी' असं लिहावं आणि पुढे नुसतं 'छडी' म्हणावं. 'पेपरमिंट'चा 'पुदिना' करू नये. स्वयंपाकातला पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा असतो आणि पाककृतीत 'पुदिन्याचा अर्क' दिसला की वाचक पानं वाटायला घेतो. इथे लागतं ते खाण्याचं पेपरमिंट तेल. ते फार तीव्र असतं. अर्धा किलो साखरेला पाव छोटा चमचा पुरतं.

नामापेक्षा क्रियापदांनी जास्त घोटाळा होतो. साखर आणि ग्लुकोज सिरपचा पाक इथे सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो. त्याला 'गोळीबंद पाक' म्हटलं तर वाचक बराच आधी गॅस बंद करेल. छडी चिवट राहील आणि मूठ हळूहळू खाली बसेल. 'थंड पाण्यात टाकलेला थेंब कडकन मोडेल इतका पाक' असं सरळ लिहावं. तेल आच बंद केल्यावर घालायचं, नाहीतर वास उडून जातो.

पुढची पायरी 'मळणे' नव्हे, 'ताणून दुमडणे'. थोडा पाक लाल रंगवून बाजूला ऊबेत ठेवतात आणि उरलेला पुन्हा पुन्हा ताणतात, दुमडतात. त्यात हवा शिरते आणि पारदर्शक पाक पांढरा होतो. पांढरा रंग घालावा लागत नाही. मग पांढऱ्या लांबट गोळ्यावर लाल पट्ट्या चिकटवून तो बारीक ओढतात, पीळ देतात, कापतात आणि गरम असतानाच मूठ वाकवतात. गार झाल्यावर वाकवायला गेलं की तुकडे. कारखान्यातही पीळ आणि काप यंत्रावर गेले ते अमेरिकेत 1950च्या दशकात, जॉर्जियातल्या ऑल्बनी गावी, ग्रेगरी केलर या धर्मगुरूच्या यंत्रामुळे. पट्ट्यांना 'नागमोडी' म्हणू नये, तो वेगळाच आकार. 'पीळदार' म्हटलं की दंड डोळ्यांपुढे येतात. 'पिळाचे पट्टे' बरं.

बेकिंगमध्ये छडी 'कुस्करत' नाहीत. कुस्करतात ते मऊ. ही कुटायची, आणि भरडच ठेवायची, कारण बारीक पूड हवेतली ओल लगेच ओढून चिकट होते. ओव्हनमध्ये सुरुवातीपासून घातली तर वितळून पसरते आणि कडा करपतात. म्हणून बिस्किटं बाहेर काढायच्या दोन-तीन मिनिटं आधी भुरभुरावी. क्रीमवर मात्र अगदी वाढताना, नाहीतर लाल रंग सुटतो. 'कँडी केनची बिस्किटं' हा प्रयोगही संदिग्ध आहे. बरेचदा त्यांत छडी नसतेच, फक्त लाल-पांढऱ्या कणकेच्या दोन दोऱ्यांना पीळ देऊन तो आकार केलेला असतो. 'छडीच्या आकाराची' की 'छडी घातलेली' ते स्पष्ट लिहावं.

सजावटीत छडी फांदीवर 'अडकवतात'. मूठच आकड्याचं काम करते, दोरा लागत नाही. वेष्टन काढू नये, ओल धरून ती पाझरते.

इंग्रजीतल्या येशूच्या नावाच्या आद्याक्षराचा हा आकार, ही व्युत्पत्ती शब्दकोशात नेऊ नका. ती कथा बरीच नंतरची. जुन्या नाताळ-शुभेच्छापत्रांवरच्या छड्या तर नुसत्या पांढऱ्या आहेत, पट्टे विसाव्या शतकात आले.

लिंग स्त्रीलिंगी ठेवावं, छडी आणि काठीप्रमाणे: 'ती कँडी केन', अनेकवचनातही 'कँडी केन'. आणि 'केन'च लिहा, 'कॅन' नको, तो डबा.